जो आधी सोडेल तो

हसू नका, पण दिवसभर लोकांवर ओरडणं हेच माझं काम आहे. श्वासाच्या चाचणीला आलेला माणूस नाकाला चिमटा लावतो, नळी दातांत धरतो, छाती भरून हवा घेतो आणि मग मी सुरू होते. फुंका, फुंका, फुंका, अजून, अजून, थांबू नका! माणूस आपणहून कधीच सगळा श्वास सोडत नाही. थोडा मागे ठेवतो, चिक्कूपणा करतो. तो ओरडूनच बाहेर काढावा लागतो. इस्पितळात सगळे मला ‘फुंकणी’ म्हणतात, तेही तोंडावर, त्यामुळे रागावायची सोय नाही.

ओरडले तरी मी कोणाला एकेरी बोलत नाही. सहा वर्षांचं पोर असो नाहीतर दारू पिऊन आलेला मवाली, मी ‘फुंका’च म्हणते. ओरडायचंच आहे तर निदान मानाने ओरडावं, असं आपलं माझं मत.

त्या दिवशी खुर्चीवर माझे बाबा होते.

बाबा सुतार. जन्मभर भुसा खाल्ला, वर विड्या ओढल्या. डाव्या फुप्फुसात गाठ निघाली होती. सर्जन म्हणाले, गाठ काढता येईल, पण मागे राहील तेवढ्या फुप्फुसावर जगायचा दम हवा. चाचणीचे आकडे बसले तर ऑपरेशन. नाही बसले तर घरी ठेवा, आनंदात ठेवा. ‘आनंदात ठेवा’ असं डॉक्टर कधी म्हणतात, ते मला या नोकरीने चांगलं शिकवलं आहे. घरच्या माणसाची चाचणी आपण करू नये म्हणतात, पण माझा कामातला जोडीदार रजेवर होता आणि मला थांबवत नव्हतं. दुपारी, सगळे जेवायला गेल्यावर, मी बाबांना तळघरातल्या आमच्या खोलीत आणलं.

“बापावर ओरडायची संधी आहे,” बाबा चिमटा लावून गेंगाण्या आवाजात म्हणाले. “हौस फेडून घे.”

मी फेडली. घसा बसेपर्यंत ओरडले. पण पडद्यावरची रेष वर चढली आणि लगेच खचली, मधोमध पोट आत गेलेली. प्रत्येकाची रेष त्याच्या सहीसारखी असते, आणि बाबांची सही फार वाईट होती. तीनदा फुंकलं, तिन्ही वेळा तीच. बाबा पडद्याकडे न बघता माझ्या चेहऱ्याकडे बघत होते, आणि मला तोंड कुठे लपवू असं झालं.

पुढची चाचणी पेटीतली. आमच्याकडे काचेची एक पेटी आहे, एक माणूस जेमतेम बसेल एवढी. कितीही फुंकलं तरी फुप्फुसात थोडी हवा उरतेच. ती कोणालाच बाहेर काढता येत नाही, मेलेल्या माणसाच्याही छातीत ती असते. ती मोजायला ही पेटी. दार घट्ट लागतं, आत माणूस श्वास घेतो, छाती फुगते, तेवढा पेटीतल्या हवेचा दाब बदलतो, आणि यंत्र हिशेब करतं. मी बाहेर माइकवर बोलते, आतला आवाज मला स्पीकरवर येतो.

बाबा आत बसले. मी दार लावलं. खोलीत यंत्राची घरघर तेवढी उरली, आणि स्पीकरवर बाबांचा श्वास, बारीक शिट्टीसारखा.

“काय गं,” बाबा म्हणाले, “एकदम अरेतुरेवर आलीस?”

“कोण? मी?”

“आत्ता नाही का म्हणालीस... ‘फुंक, बारक्या, फुंक’?”

मी हसले. तोवर मी माइकचं बटणही दाबलं नव्हतं. “बारक्या कोण, बाबा?”

मग ते म्हणाले, “मीच. दादा म्हणायचा मला. दुसरं कोणी नाही म्हणायचं.”

बाबांना मोठा भाऊ होता आणि तो लहानपणीच गेला, एवढंच घरात माहीत होतं. कसा गेला ते विचारलं की बाबा उठून रंधा मारायला लागायचे. आता पेटीत रंधा नव्हता.

“घरामागे दगडाची खाण होती,” ते म्हणाले. “बंद पडलेली, पाण्याने भरलेली. आम्ही दोघं बुडी मारून खाली बसायचो आणि श्वास धरायचो. जो आधी सोडेल तो हरला.”

“मग?”

“मी आधी सोडला. वर आलो. काठावर बसून वाट बघितली. दादा हरला नाही अजून.”

म्हातारं माणूस, घाबरलेलं, बंद जागेत बसलेलं, त्याला जुनं आठवायचंच, असं मी स्वतःला समजावलं. “दार उघडू का? थोडं बसा बाहेर.”

“नको. एकदाच काय ते उरकून टाक.”

उरलेली हवा मोजून झाली. राहिली होती श्वास धरायची चाचणी, तीही पेटीतच. यंत्रातला वायू छातीभर ओढून घ्यायचा, दहा सेकंद धरायचा आणि सोडायचा. मी समजावून सांगितलं. बाबांनी मान हलवली. श्वास घेतला. पडद्यावरची रेष वर गेली आणि सरळ झाली.

“धरा,” मी म्हणाले. “धरा... धरा... छान. आता सोडा.”

रेष सरळच राहिली.

“बाबा, झालं. सोडा आता.”

त्यांनी सोडला नाही. त्यांची नजर माझ्याकडे नव्हती. गुडघ्यांच्या बाजूला खाली, जिथे नुसती काच होती, तिथे ते बघत होते आणि डोळ्यांत हसत होते. पोरं एकमेकांकडे बघून हसतात, तसं.

“सोडा, बाबा. सोडा!”

बोटाला लावलेल्या चिमट्यातला प्राणवायूचा आकडा उतरायला लागला. यंत्राने टुंग टुंग सुरू केलं. मी उठले आणि दाराची मूठ ओढली. दार हललं नाही. रोज एका बोटाने उघडणारं दार, आणि आतून कोणी हवा ओढून धरल्यासारखं ते चौकटीला चिकटलं होतं. मी पाय लावून ओढलं, काचेवर मुठी मारल्या. बाबांचे ओठ निळे पडत होते.

तेव्हा स्पीकरवर मला ऐकू आलं. बाबांचं तोंड नळीवर मिटलेलं होतं. आवाज पोराचा होता, दबलेला, पाण्याखालून आल्यासारखा.

“धर... बारक्या, धर...”

मी माइककडे धावले. ‘सोडा, सोडा’ मी किती वेळा ओरडले, मोजलं नाही. बाबा ऐकतच नव्हते. ऐकणार कसे? त्या खाणीत त्यांना ‘सोडा’ म्हणणारं होतं कोण? तिथे ते कोणाचे बाबा नव्हते. जन्मात पहिल्यांदा मी माझ्या बापाला एकेरीत हाक मारली.

“अरे, सोड! जिंकलास तू! सोड आता!”

आणि रेष पडली.

आधी ती थोडीशी उतरली आणि मधेच खचली, पोट गेलेली. ती सही मी कुठेही ओळखली असती. मग ती थांबली. बाबांची छाती खाली बसली होती, त्यात आता काही नव्हतं. आणि त्याच नळीतून, मधे श्वास न घेता, दुसरा उच्छ्वास सुरू झाला. भरभरून, सरळ, जोरकस, संपता संपेना. इतक्या वर्षांत असा मी पाहिला नव्हता. स्पीकर फुरफुरत होता. काच आतून पांढरी झाली आणि बाबा मला दिसेनासे झाले.

‘जिंकलास तू’ म्हणताना मी कोणाशी बोलले, ते मी सांगितलंच नव्हतं. एकेरीत दोघंही मावतात.

दार आपोआप सुटलं.

मी आत झेप घेतली. बाबा खुर्चीत होते, नाकाचा चिमटा हातात घेऊन बसलेले. ओठ लाल होते. मी त्यांच्या छातीला कान लावला आणि त्यांचा सदरा भिजेपर्यंत रडले, लाज न बाळगता. काळीज ठणठणीत वाजत होतं. ती शिट्टी मात्र नव्हती. लहानपणापासून मी त्या शिट्टीच्या आवाजात झोपले आहे. शेजारच्या खोलीतून ती आली की बाबा घरी आहेत असं कळायचं.

जेवून आलेल्या सफाईच्या मावशी पेटी पुसायला फडकं घेऊन आत वाकल्या. “दोघांना बसवलं होतंस काय गं?” त्या म्हणाल्या. काचेवरची वाफ विरत आली होती. तोंडासमोर एक गोल उरला होता आणि खाली, गुडघ्याच्या उंचीवर, दुसरा, लहान. मावशींनी एका हाताने दोन्ही पुसले.

मी बाबांना पुन्हा फुंकायला लावलं. ओरडावं लागलंच नाही. आकडे सर्जनना फोनवर सांगितले. त्यांनी ते मला पुन्हा वाचायला लावले.

“हे तुझ्या वडिलांचेच ना?”

मी मागे वळून बघितलं. बाबा पाय हलवत बसले होते. खुर्ची उंच नाही आमची, त्यांचे पाय जमिनीला टेकतात, तरी ते हलवत होते.

“हो,” मी म्हणाले. दुसरं काय म्हणणार होते? आकडे बसले होते, बाबा जगणार होते. एवढंच तर मला हवं होतं.

लिफ्ट बंद होती. मी चाकाची खुर्ची मागवते म्हणेपर्यंत ते जिना चढूनही गेले. मी धापा टाकत वर पोचले, तेव्हा ते दाराशी उन्हात उभे होते, डोळे बारीक करून, खूप दिवसांनी ऊन बघितल्यासारखे.

“बाबा,” मी म्हणाले, “दमला नाहीत ना?”

त्यांनी माझ्याकडे नीट बघितलं. डोक्यापासून पायापर्यंत, कुतूहलाने, पाहुण्यांच्या घरच्या पोरीकडे बघावं तसं.

“तुझा बाप दमलाय,” ते हळूच म्हणाले. “झोपू दे त्याला.”