पेटीखालचा माठ

माघात गारा पडल्या तेव्हा प्रेमलता संत्र्याच्या बागेत होती आणि तो बोरगावच्या रस्त्यानं डोक्यावर बॅग धरून पळत आला. तिनं संत्र्याची रिकामी पाटी त्याच्याकडे टाकली. या शहाण्यानं ती डोक्यावर धरली आणि तसाच खाली बसून पट्टीनं गारा मोजायला लागला! तिला आधी हसू फुटलं, मग रागच आला.

"मोजून काय करता? फळं तं गेलीच ना…"

"मोजलं नाही तर पुढच्या वर्षी कोणी मानत नाही," तो म्हणाला.

तो श्रीधर, नागपूरच्या हवामान कचेरीतला. सौंसरला प्रेमलताच्या बागेच्या कडेला चार पायांवर उभी, झडपांची एक पांढरी सरकारी पेटी होती. आत तापमापक. तिचे वडील गुणवंताजी रोज पारा पाहून आकडा कचेरीला कळवत. श्रीधर गावोगावचे असे आकडे जुळवून पाहत होता, ऊन खरंच वाढत चाललंय का ते. पांढुर्णा, मोहगाव, सगळीकडचे उन्हाळे चढत होते. सौंसरचे मात्र काही वर्षांपासून चक्क उतरले होते.

पेटी तपासायचं काम खरं एका दिवसाचं. पण माणूस पुन्हा पुन्हा बस पकडून येतो म्हटल्यावर शेजारच्या बायांना न शिकताच हवामान कळलं. आई नसलेली एकुलती एक पोर. बाबूजींना सोडून आपण कुठंही जाणार नाही, हे प्रेमलतानं त्याला स्पष्ट सांगून टाकलं होतं. आणि त्याची पुढची बदली थेट राजस्थानात होती.

मग चैत्रात तो हसतच आला. सौंसरचं ऊन उतरतंय हे सिद्ध झालं, तर साहेब इथंच कायमची कचेरी उघडणार होते आणि तो इथंच राहणार होता.

"मग बाबूजींना… आणखीही काही विचारता येईल," तो म्हणाला.

"विचारा ना. कोणी अडवून राहिलं का तुमाले?" तिनं संत्र्याची फोड त्याच्या हातावर ठेवली आणि बोटं काढून घ्यायला जरा उशीरच केला.

गुणवंताजींनी तर सौंसरला ऊन बाधत नाही म्हणून नव्या कलमांसाठी खड्डेही खणले. त्यांचं पाहून शेजाऱ्यांनी खणले.

वैशाखात श्रीधर भर उन्हात आला. तिनं तांब्या दिला. पाणी इतकं गार, की त्याचे दात ठणकले. फ्रिज घेतला का, त्यानं विचारलं. ती ऐटीत त्याला बागेच्या कडेला घेऊन गेली. पांढऱ्या पेटीच्या खाली माठ होता आणि पेटीच्या पायांना चहूबाजूंनी ओली पोती बांधली होती.

"मी नववीत होती तवापासून दर उन्हाळ्यात इथंच ठेवतो. सावली बी हाय, वारा बी हाय."

त्यानं पोत्याला हात लावून पाहिला. मग हळू आवाजात त्यानं समजावलं. ओल्या पोत्यांचा गारवा वर पाऱ्याला लागत होता. सौंसर थंड नव्हतंच.

"राहू द्या माठ तिथंच," तो एकदम म्हणाला. "मी काही पाहिलं नाही."

तिला हो म्हणायचं होतं. देवाशपथ, जीव तोडून हो म्हणायचं होतं! पण त्याच्या खांद्यापलीकडे बाबूजींचे खड्डे दिसत होते.

"अन् कलमं? ते जळतीन तवा बी मोजायले याल का तुमी?"

तिनं पोती सोडली, माठ कमरेवर घेतला आणि आंब्याखाली नेऊन ठेवला. पदर चिंब झाला.

दुपार कलायच्या आत दोघं पेटीत डोकावले. गालाला गाल लागेल इतके जवळ, पहिल्यांदाच. पारा पांढुर्ण्याइतकाच चढला होता.

"लिहा," ती म्हणाली.

त्यानं लिहिलं.

"प्रेमलता, मला तुमच्याशी लग्न करायचं होतं."

"मालूम हाय," ती म्हणाली. "मले बी."

नागपूरची बस वेळेवर आली. एरवी कधी येत नाही.

गुणवंताजींनी खड्डे बुजवले. माठ आता ओसरीत असतो आणि पाणी कोमट लागतं. श्रीधर राजस्थानात आहे म्हणतात. दर उन्हाळ्यात, बाबूजी झोपले की, प्रेमलता भर दुपारी पेटीत डोकावते. आज तरी पारा आपसूक उतरलेला असावा, मग कचेरी होईल, मग तो येईल… ती वेडी नाही, तिला सगळं कळतं. तरी ती डोळे मिटून झडप उघडते.

पारा वरच असतो.