फळीवरचं व्हायोलिन

“बाबा, या घरात माझं, अगदी फक्त माझं, असं काय आहे?”

विचारून टाकलं एकदाचं! मधल्या सुट्टीत मैत्रिणींनी पैजच लावली होती, “आमच्यापुढे एवढी बडबडतेस, हिंमत असेल तर हे तुझ्या बाबांना विचारून दाखव!” आणि जिला सगळे टकळी म्हणत, ती माघार घेते थोडीच?

बाबा काच कापत होते. खिडक्यांना काचा बसवणं हा त्यांचा धंदा. घराची पुढची खोली म्हणजेच दुकान. भिंतीला टेकलेल्या काचांवर दुपारचं ऊन पडलं की छतावर उजेडाच्या लाटा हलू लागत, आणि टकळीला वाटे, आपण एका सोनेरी तळ्याच्या तळाशी राहतो… सगळं संथ, तरंगतं, स्वप्नातल्यासारखं!

“काहीच नाही, बाळा,” बाबा हळुवारपणे म्हणाले. “माझंही काही नाही. सगळं प्रभूचं. आपण नुसते कारभारी.”

“मग कारभाऱ्याच्या मुलीने काय हवा खाऊन जगायचं?”

घरचा नियमच तसा होता. नवी वस्तू आली की आठ दिवस दाराजवळच्या फळीवर ठेवायची. तेवढ्यात आपल्याहून अधिक गरजू कुणी भेटला तर ती त्याची, नाहीतर आपली. तिची छत्री गेली, लोकरीचा कोट गेला, दोन दप्तरं गेली. “तुमच्या फळीला पाय फुटलेत गं!” मैत्रिणी म्हणत आणि तीही खळखळून हसे. पण आता फळीवर व्हायोलिन होतं! रविवारच्या उपासनेत वाजवणाऱ्या म्हाताऱ्या मास्तरांची बोटं थरथरू लागली, तेव्हा चार वर्षं आपल्याकडे शिकलेल्या या पोरीच्या ओंजळीत त्यांनी ते ठेवलं होतं. आणि आज, सहाव्या दिवशी, गवंडीकाका येऊन गेले. त्यांच्या मुलीला शिकायची फार ओढ, पण विकत घेण्याची ऐपत नाही. “संध्याकाळी घेऊन जा,” बाबांनी शब्द देऊनही टाकला होता.

“मला विचारलंत तरी का?” टकळीचे डोळे भरून आले.

“चांगल्या कामाला काय विचारायचं, बाळा?”

कोपऱ्यात आई काजं शिवत बसली होती. तिची सुई थांबली. शिवता शिवता ती नेहमी काहीतरी गुणगुणायची, आणि तिच्या डाव्या हाताची बोटं कापडावर एकेक करून दाबली जायची. टकळी ते लहानपणापासून बघत होती. आईची खोड, एवढंच तिला वाटे.

“माझंही होतं,” आई म्हणाली. “व्हायोलिन.”

बाबा वळले.

“लग्न होऊन आले आणि तुमच्या नियमाप्रमाणे हसत हसत फळीवर ठेवलं. पाचव्या दिवशी बाजारातून परतले, तर फळी रिकामी…”

“पण तू कधी बोलली नाहीस!”

“तुम्ही कधी विचारलंत?” सतरा वर्षांचं साचलेलं पाणी तिच्या डोळ्यांतून वाहू लागलं. “गेल्याचं दुःख नाही हो. माझ्या हाताने द्यायला मिळालं असतं, तर नाचत दिलं असतं! पण देणारे तुम्ही, आणि रिती झाले मी…”

बाबा मटकन स्टुलावर बसले. एवढा धिप्पाड माणूस, पण लहान मुलासारखा रडला! “जन्मभर म्हणत आलो, मी मालक नाही… आणि वागलो मात्र मालकासारखाच! तुझी ही बोटंही प्रभूनेच सोपवली होती ना माझ्या घरात? त्यांची राखण मी कुठे केली?”

मग ते उठले, फळीवरचं व्हायोलिन दोन्ही हातांनी उचललं आणि आईपुढे धरलं.

“माफ करशील?”

आईने होकारार्थी मान हलवली, डोळे पुसले, व्हायोलिन हनुवटीखाली धरलं. पहिला सूर असा काही किंचाळला, की टकळी रडता रडता ओरडली, “आई, मांजराच्या शेपटीवर पाय दिलास का?” तिघंही हसली. आणि मग… मग तो दुसरा सूर! लांब, ओलसर, थरथरता. भिंतीला टेकलेल्या काचा हलकेच गुणगुणू लागल्या, छतावरच्या लाटा कापू लागल्या, जणू सारं घरच इतकी वर्षं श्वास रोखून बसलं होतं!

दारात गवंडीकाका मुलीला घेऊन केव्हा आले, कुणालाच कळलं नाही. मुलगी डोळे विस्फारून ऐकत होती. बाबांची नजर तिच्यावरून टकळीकडे वळली.

“मास्तरांनी ते तुला दिलंय. आता तूच सांग.”

टकळीने त्या मुलीकडे पाहिलं, आईच्या लाल झालेल्या बोटांकडे पाहिलं, आणि कंबरेवर हात ठेवले.

“ऐका, माझं ठरलंय! व्हायोलिन कुठेही जाणार नाही. शाळा सुटली की ही रोज इथे येईल. एक दिवस ती वाजवेल, एक दिवस मी. शिकवणार आई! पाच वाजले की आई सुई बाजूला ठेवेल, आणि बाबा, तेव्हा सगळ्यांचा चहा तुम्ही करायचा!”