बिनसावलीचा हिरो

जयराजचा पाय वायरीत अडकला, कॉम्प्युटर खट्कन बंद पडला आणि क्रांतीनं सकाळपासून खपून केलेलं वाढदिवसाचं फ्लेक्स पाण्यात गेलं. सेव्ह केलंच नव्हतं!

“डोळं हायत का बटणं?” ती कडाडली.

“हायत की...” तो बघतच राहिला. “आत्ता कुठं कामाला लागल्यात.”

कराडला लागून असलेल्या मलकापुरात, तिच्या मामाच्या फ्लेक्सच्या दुकानात, तिच्याशी असं कुणी बोललं नव्हतं. गाल तापले. तिनं मान वळवली आणि सगळं पुन्हा करायला घेतलं.

जयराज तासगावचा. त्यानं दिग्दर्शित केलेला पहिलाच सिनेमा शुक्रवारी लागणार होता: सुट्टीवर आलेला जवान, उसाचं रान आणि प्रेम. पैसा विट्याच्या नाथाशेठचा, सोनं गाळून शुद्ध करायच्या गलाई धंद्यातला. राहिलं होतं फक्त पोस्टर. “त्ये झालं की मी मुंबईला,” तो सहज म्हणाला, आणि क्रांतीला ते उगीचच लागलं.

मग तिच्यासारख्या सराईत मुलीच्या हातून चुका व्हायला लागल्या. जवानाच्या दोन्ही मनगटांवर घड्याळं!

“एक हिरोचं, एक हिरोईनचं व्हय?” जयराजनं विचारलं.

“लय हुशार! उद्या या, काढून ठेवते.”

दुसऱ्या दिवशी बैलाला तिसरं शिंग. तो स्टूल ओढून शेजारी बसायचा, पडद्याकडं कमी अन् तिच्याकडं जास्त बघायचा. माउसवरचा तिचा हात थांबायचा... मामा खोकला, की परत चालायचा.

छपाईच्या आदल्या संध्याकाळी तिनं जवानाची सावलीच पुसली. ह्याला दिसेल, हा छपाई थांबवेल... पण जयराजनं बराच वेळ पोस्टर पाहिलं आणि तो म्हणाला, “झ्याक झालंय.” ती खट्टू झाली. एवढी घाई झालीय जायची? सकाळी लवकर येऊन सावली परत टाकू, म्हणत ती घरी गेली.

सकाळी तिच्याआधी नाथाशेठ येऊन गेले होते. मामानं छापून दिलंसुद्धा! ती कराडच्या चौकात धावली, तर फ्लेक्स दिमाखात वर आणि खाली ही गर्दी.

“हिरोला सावलीच न्हाई! भुताचा पिच्चर दिसतोय.”

“तुला बघायला ठेवलं हुतं नव्हं?” नाथाशेठ जयराजवर चारचौघांत तडकले होते. “माझ्याकडं पुढचा पिच्चर इसर!”

जयराजनं मान खाली घातली. क्रांती पेचात पडली. बोलावं, तर अख्ख्या कराडात बोभाटा. गप्प बसावं, तर त्याचं वाटोळं. ती पुढं झाली.

“आवं शेठ, त्येंची चूक न्हाई. सावली मी पुसली. मुद्दाम.”

“कशापायी?”

“चूक दिसली की हे परत येत्यात... म्हणून.”

जयराजनं हळूच मान वर केली.

“शेठ, मला कालच दिसलं हुतं.”

“मग बोलला का न्हाईस?”

“काल बोललो असतो, तर हिनं तिथंच दुरुस्त केलं असतं. सकाळी छापायच्या आत पळत येऊन सांगणार हुतो. तेवढंच अजून एकदा भेटणं...”

नाथाशेठनी दोघांकडं आळीपाळीनं पाहिलं. हसू दाबता येईना, तशी त्यांनी मिशीवरून हात फिरवला. “दुसरं छापा. आन् आज हिरोला सगळं आवयव द्या.”

गर्दी हसत पांगली. जयराज जवळ आला. मुंबईचं नावसुद्धा त्यानं काढलं नाही.

“आता चुका संपल्या... मग दुकानात यायचं कसं?”

क्रांतीनं पहिल्यांदाच नजर न चुकवता त्याच्याकडं पाहिलं.

“दुकानात नगं. घरी या... आईवडलांस्नी घेऊन.”