काळूच्या फोनवरून

सोनी दारातच बसली. खुर्चीकडे तिने पाहिलंही नाही.

"मना घरवालाले पोलीस लई ग्यात, ताई. भाऊ दुबईमा प्लंबर शे, म्हनून हाऊ बॉम्बवाला?"

विजया टिपणीस यांनी चष्मा पुसला. बरीच वर्षं विमा कंपन्यांसाठी आगी आणि अपघात तपासल्यावर त्यांनी सिल्वासात स्वतःचं तपासाचं ऑफिस काढलं होतं. मधुकर हे त्यांचे मदतनीस, ड्रायव्हर आणि नवरा. तिन्ही कामं ते मनापासून करत. डोकं चालवायचं तेवढं बायकोवर सोपवलं होतं.

हकिकत गावभर झाली होती. परदेशांत एकामागून एक स्फोट होऊ लागले, तेव्हापासून सरकार सावध होतं. औद्योगिक वसाहतींत फलक लागले होते, संशयास्पद काही दिसलं तर कळवायला खास नंबर होता. गुरुवारी त्या नंबरवर मेसेज आला. मसाटच्या सूत रंगवायच्या कारखान्यात बॉम्ब आहे, सगळ्यांना बाहेर काढा, मागच्या भिंतीपलीकडच्या कामगारांच्या खोल्याही रिकाम्या करा.

पोलिसांनी सगळं रिकामं केलं. बॉम्बशोधक पथक पोचायच्या आत बॉयलरघर उडालं आणि मागच्या खोल्या भुईसपाट झाल्या. माणूस एकही दगावला नाही. मेसेज मात्र सोनीच्या नवऱ्याच्या, तिथेच कामाला असलेल्या काळूच्या मोबाइलवरून गेला होता.

"मग काळूच की!" सोनी गेल्यावर मधुकर म्हणाले.

"अहो, तुम्ही स्कूटर काढा."

कारखान्याच्या गेटवर ललित नावाचा वॉचमन होता.

"शिफ्टमध्ये मोबाइल अलाऊ नाय, मॅडम. सगळ्यांचे बधा फोन इथं पेटीत ठेवायचे. काळूचा पण इथंच होता."

"पेटीला कुलूप?"

"खुल्ली असते. कोण घेणार? सगळ्यांच्या फोनला लॉक. काळूचा तेवढा डब्बा फोन, बटणवाला."

"हे पोलिसांना सांगितलंस?"

"सांगितलं ना. ते बोलले, मग काळूच गुपचूप येऊन करून गेला."

"शिफ्ट चालू असताना इथे कोण येतं?"

"मी. नायतर मॅनेजर साहेब आणि मानसी मॅडम. कामदार लोकांना पास लागतो."

आत बॉयलरचा जाड पत्रा फाटून बाहेरच्या बाजूला उलटला होता. शेजारच्या मोकळ्या जागेत एक हिरवा फलक वाकून पडला होता. त्यावर लिहिलं होतं, 'धोका असल्यास सर्वांनी इथे जमावे.' विजयाबाई त्या फलकापाशी रेंगाळल्या. मधुकर घड्याळ बघू लागले. त्यांना भूक लागली होती.

मॅनेजर अशोक धारप वैतागलेलेच होते. "ऑर्डर अंगावर आहे आणि हे झेंगट! बॉयलर ठणठणीत होता हो. आमची सेफ्टी ऑफिसर उठसूट घाबरते, ते वेगळं. मागेही तिने भोंगा वाजवला. मीच सगळ्यांना परत मशीनवर पाठवलं, तिला मेमो दिला."

ही सेफ्टी ऑफिसर म्हणजे मानसी, नाशिकची तरुण इंजिनियर. तिचे डोळे खोल गेले होते.

"पोलीस आल्यावर लोकांना कुठे नेलंत?"

"गेटबाहेर. रस्त्यापलीकडे."

"फलकापाशी नाही?"

"गडबडीत सुचलं नाही."

बाहेर आल्यावर मधुकर हळहळले. "पोर भांबावली बिचारी."

"भांबावलेला माणूस सवयीच्या जागी धावतो, अहो," विजयाबाई म्हणाल्या.

संध्याकाळी दोघं मानसीच्या भाड्याच्या खोलीवर गेले. तिने चहा विचारला. विजयाबाईंनी नको म्हटलं.

"बॉम्ब नव्हताच. बाहेरून स्फोट झाला असता तर बॉयलरचा पत्रा आत चेपला असता. तो आतून फाटलाय, वाफेने. प्रयोगशाळेचा अहवाल येईल तेव्हा पोलिसांनाही कळेल. तोवर काळू आत."

"मग मेसेज कुणी केला?" मधुकरांनी विचारलं.

"बॉयलर फुटणार हे ज्याला ठाऊक होतं त्याने. माणसं मारायला निघालेला कशाला मागच्या खोल्या रिकाम्या करायला सांगेल? त्या पेटीपर्यंत तिघंच पोचत होते. ललितला बॉयलरमधलं ओ की ठो कळत नाही. धारप तर भोंगा वाजल्यावरही लोकांना आत ढकलणारा." त्यांनी मानसीकडे पाहिलं. "बॉम्ब कुठे आहे हे कुणालाच माहीत नव्हतं. तरी तू लोकांना बॉयलरपासून लांब नेलंस. जमायची जागा बॉयलरघराला लागून. तिथे कवायत घेणं तुझं काम. ती जागा तू विसरशील?"

मानसी खाली बसली.

"सेफ्टी व्हॉल्व्ह अडकला होता. वाफेच्या दाबाचा काटा लाल पट्ट्यात गेलेला. धारप सर बॉयलर बंद करू देईनात. बिनलॉकचा फोन हाती लागला, तो उचलला. कुणाचा ते पाहिलंही नाही."

"आणि काळूला धरल्यावर?"

"घाबरले. दहशतवादाच्या कायद्यात जामीन मिळत नाही म्हणतात."

"काळूलाही मिळत नाहीये."

मग मानसीने चपला घातल्या.

पोलीस ठाण्याच्या व्हरांड्यात सोनी बसली होती. मानसी तिच्यासमोर उभी राहिली आणि तिने सगळं सांगून टाकलं. सोनीचा हात उठला, पण तो मारायला खाली आलाच नाही.

"त्या खोलीमा मनी पोर निजेल व्हती," ती म्हणाली. मग तिला रडू फुटलं. "पहिलेच का बरं नै सांगं?"

"सांगितलं होतं. बॉयलर फुटेल म्हटलं तेव्हा कुणी आलं नाही. बॉम्ब म्हटल्यावर सगळे धावले."

मानसी आत गेली. मधुकरांना भरून आलं. त्यांनी ते लपवलंही नाही.

काळू सुटला. मानसी अजून तुरुंगात आहे, अफवा पसरवून दहशत माजवल्याबद्दल. धारपांनी पेपरात मुलाखत दिली की आमचा कारखाना दहशतीपुढे झुकणार नाही. दुसरीकडे काम मिळेना, म्हणून काळू पुन्हा तिथेच लागला. वरून नवा आदेश आलाय, त्यामुळे गेटवर रोज त्याची झडती होते. नवा बॉयलर मात्र बसला त्या दिवसापासून चालू आहे आणि तो तपासायला अजून कुणी आलेलं नाही.