पहिल्या हाकेची ओ

गेल्या शनिवारी दुपारी चैत्रालीचा पट्टा दुरुस्तीहून आणायला मी परळला गेलो होतो. चैत्राली माझी मुलगी, वय आठ. तिच्या दोन्ही कानांतली ती इवली हाडं, हातोडी, ऐरण आणि रिकीब, जन्मतःच एकमेकांना चिकटलेली. नस मात्र शाबूत. म्हणून डोक्याला पट्टा आणि त्यावर कानामागे बटणाएवढं यंत्र. आवाज थेट हाडातून आत जातो. "कानामागून आलं नि तिखट झालं," असं माझी बायको रुचा म्हणते, कारण घरात सगळा तोरा त्या यंत्राचाच.

हाक आली की ताबडतोब ओ द्यायची, हे मीच चैत्रालीकडून दोन वर्षं घोटून घेतलं. आमच्या मालवणी घरात रीत उलटी. तीन हाका झाल्याशिवाय ओ देऊ नये, भुताची हाक तिसऱ्यांदा येत नाही म्हणतात. पण ऐकू न येणाऱ्या लेकीच्या बापाने असलं कशाला मनावर घ्यावं?

पट्टा दुरुस्तीला टाकण्याआधी महिनाभर ती एकटी असताना ओ देत होती. नायगावच्या नव्या टॉवरमध्ये, एकोणिसाव्या मजल्यावर, बंद खोलीत. मला वाटलं, कोणीतरी मोबाइलवरून यंत्रात शिरून माझ्या पोरीशी बोलतंय. शेजारच्या निलेशवर संशय घेतला, वॉचमनवरही. कुरिअरवाल्याकडे ओळखपत्र मागणारा माणूस मी.

"ह्या मॉडेलला ब्लूटूथ नाहीच, साहेब," पट्टा परत देताना दुकानदार म्हणाला. "बाहेरचा कोण घुसणार?"

माझा विश्वास बसला नाही. घरी आलो तेव्हा रुचा काळाचौकीला माहेरी गेलेली, चैत्राली चित्र रंगवत बसलेली. पट्टा मी तिला दिलाच नाही. स्वतःच्या डोक्याला चढवला, कानांत बोटं घट्ट घातली आणि डोळे मिटले.

आधी माझाच श्वास. मग कुठेतरी पाणी चढल्यासारखी घरघर. मग कवटीच्या अगदी आत, हळूच...

"बाबा..."

चैत्रालीचाच आवाज. रडवेला.

"ओ!" माझ्या तोंडून गेलं.

डोळे उघडले. ती समोरच होती. दातांत ब्रश धरलेला, ओठ मिटलेले, नजर माझ्या ओठांवर.

तिने ब्रश काढला. "बाबा, तू ओ दिलीस?"

"कोण आहे गं ते? काय... काय पाहिजे त्यांना?"

"माहीत नाही." तिने सुस्कारा सोडला. "पण बरं झालं. ते म्हणाले होते, मी नाही तर तू, दोघांतलं कोणीही आलं तरी चालेल."

त्या दिवसापासून चैत्राली बंद खोलीत ओ देत नाही. माझ्या जिवाला तेवढं समाधान आहे. मी मात्र कानांवर हात ठेवत नाही. ठेवले की हाक जास्त जवळून येते.