वेन्डीची जड बॅग

बहारीनच्या विमानतळावर, पट्ट्यावरून फिरत आलेली ती बॅग वेन्डीला उचलून देताना सहप्रवासी कैलासच्या तोंडून निघालंच, "दगड भरलेत का यात?"

"पुस्तकं आहेत. मुलांची!"

वसईहून सुट्टी संपवून परतलेली ही नर्स प्रवासानं पार दमली होती. पण डोळे असे, की कैलासनं स्वतःची बॅग समोरून जाऊ दिली... दोनदा.

"एका ई-रीडरमध्ये अख्खं कपाट मावतं, मॅडम."

"आणि कोऱ्या पानांचा वास? तोही मावतो का हो त्यात?"

भांडण असं जुंपलं. मग नुसतं भांडायला म्हणून दोघं दर शुक्रवारी अरादच्या किल्ल्यापाशी भेटू लागली! सोबत असायची ग्लोरिया, वेन्डीच्या भावाची सात वर्षांची लेक. पोरीला मराठी सगळं कळे, उत्तर मात्र इंग्रजीत. तिनं एक तरी मराठी गोष्ट आपणहून वाचावी, हा वेन्डीचा ध्यास. पण ग्लोरिया पुस्तक उघडायची, जोडाक्षराला अडखळायची आणि मिटून टाकायची. वेन्डीचा जीव तुटायचा.

एका शुक्रवारी कैलासनं आपला ई-रीडर पुढे केला. अक्षरं बोराएवढी मोठी करून दिली. ग्लोरियानं बोट ठेवलं... आणि माकडाच्या लग्नाची गोष्ट शेवटपर्यंत वाचली!

वेन्डीला रडू आलं, आणि लगेच रागही. "खलास! जिंकलात तुम्ही."

ग्लोरिया मात्र ई-रीडर उलटसुलट करून पाहत होती. "बट आंटी, व्हेअर डू आय राइट माय नेम?"

कैलासनं ई-रीडर बंद करून खिशात टाकला.

पुढं तो सुट्टीवर कुडाळला गेला. परतला तेव्हा विमानतळावर दोघी हजर. त्याची बॅग वेन्डीला हलेना.

"दगड भरलेत का?"

"माकडाच्या लग्नाचं पुस्तक." त्यानं ते बॅगेतून काढून ग्लोरियाच्या हातात दिलं. "आणि त्याची बरीच भावंडं. आईच्या फणसपोळ्या काढून ठेवाव्या लागल्या. चिडलीय ती."

"कुणासाठी, विचारलं नाही त्यांनी?"

"विचारलं ना. सांगून टाकलं मी..." त्याचे कान लाल झाले. "वेन्डी, पुढच्या सुट्टीला आपल्या बॅगा एकाच ट्रॉलीवर ठेवायच्या?"

वेन्डी बोलणार, तोच ट्रॉलीवर बसून पुस्तकावर आपलं नाव लिहून झालेल्या ग्लोरियानं शेवटचं पान काढलं. खणखणीत, न अडखळता वाचलं, "माकडीण म्हणाली, हो! आणि सगळं झाड नाचू लागलं!"

येणारे-जाणारे वळून पाहू लागले. वेन्डीनं कैलासचा हात धरला.

"ऐकलंस ना?" आजवर अहो-जाहो करणारी वेन्डी म्हणाली. "यल्ला, चल, ट्रॉली ढकल आता."