बिननावाच्या चाळीस पिशव्या

टॉवेल, एक.

पोलीस ठाण्याच्या दारात दोघं एकमेकांवर आदळले आणि चाळीस लाल पिशव्या पायऱ्यांवर सांडल्या.

"काय चोरीला गेलं?" राजेश्वरीनं पिशव्या गोळा करत विचारलं.

"अजून तरी काई न्हाई..." सम्मेद म्हणाला, आणि आपल्याच धिटाईनं कानापर्यंत लाल झाला.

तो तासगावच्या बेदाणा व्यापाऱ्याचा मुलगा, द्राक्षवेल सेवा क्लबचा सगळ्यात नवा सदस्य. ती उंब्रजच्या सुभेदार नाथाजींची लेक, ठाण्यातली महिला पोलीस. मार खाल्लेली बाई तक्रार द्यायला आली, की तिचे रक्ताचे कपडे पुरावा म्हणून ठेवून घेतात. मग तिनं घरी जायचं काय घालून? म्हणून क्लबनं पिशव्या भरल्या होत्या – ड्रेस, टॉवेल, कंगवा, चप्पल. आजवर राजेश्वरी स्वतःचेच कपडे देत आली होती.

"आता किती कपडे उरल्यात तुमच्याकडं?" सम्मेदनं विचारलं.

"एक निळी ओढणी. लय आवडती, म्हणून दडवून ठेवलीया."

दडवलेली ओढणी कशी दिसत असेल, याचा विचार करत सम्मेद घरी गेला. जेवताना मीठ मागायचं विसरला.

चप्पल, एक जोड.

चौथ्या दिवशी राजेश्वरी तणतणत त्याच्या बेदाण्याच्या शेडवर आली. तिनं एकोणचाळीस पिशव्या जमिनीवर टाकल्या.

"वाचा."

पिवळ्या ठळक अक्षरांत छापलं होतं: पीडित महिला मदत – द्राक्षवेल सेवा क्लब.

देवळातल्या पंख्याच्या पात्यावरसुद्धा देणाऱ्याचं नाव असतं, तशीच ही रीत. पण पहिली पिशवी घेतलेली बाई एसटीतून उतरली, आणि ती घरी पोचायच्या आत सगळ्या गावानं पिशवी वाचली होती. आता ती फोन उचलत नव्हती. जबाबावर तिची सही राहिली होती. सही नाही, तर पुढं काहीच नाही.

"तुमी वाईट न्हाई," राजेश्वरी म्हणाली. "तुमी विचार केला न्हाई."

हे शिवीपेक्षा जास्त लागलं.

"मग... कसं पायजे?"

"बाजार करून आल्यागत दिसली पायजे ती. पिशवीवर नाव न्हाई, ठाण्यात फोटो न्हाई. बस."

कंगवा. (केस विंचरायला वेळ मिळाला नाही.)

क्लबचे अध्यक्ष पायगोंडाकाका बैठकीत म्हणाले, "नाव न्हाई, फोटो न्हाई, मग देणगीदाराला दाखवायचं काय रं?"

विस्कटल्या केसांनी सम्मेद उभा राहिला. हातात लाल पिशवी.

"काका, आज ही घेऊन मी स्टँडपासनं इथवर चालत आलो. सात जणांनी विचारलं, घरात कोण मार खातंय? आईला दोन फोन आले."

काकांनी चष्मा पुसला, परत घातला.

"बाजाराला न्हेत्यात त्या वायरच्या पिशव्या कुठं मिळत्यात?"

मेथी, एक जुडी.

ही सम्मेदची भर. साध्या वायरच्या पिशवीत सगळ्यात वर मेथीची जुडी आणि बेदाण्याची पुडी. मेथी कोमेजते, म्हणून तो रोज सकाळी ठाण्यात.

"काल एकबी पिशवी गेली न्हाई," राजेश्वरी म्हणायची.

"बरंच झालं की. पण मेथी बदलाय पायजे."

"घरी काय म्हणत्यात?"

"आई म्हणती, या मेथीचं नाव काय ते एकदा सांग."

ती रजिस्टरमध्ये डोकं खुपसून हसली... त्याला फक्त कान दिसला. तेवढ्यावर त्यानं दिवस काढला.

मग एका सुट्टीच्या दिवशी राजेश्वरीनं निळी ओढणी अंगावर घेतली, वायरची पिशवी उचलली आणि साध्या कपड्यांत, पहिली पिशवी घेतलेल्या त्या बाईच्या दारात जाऊन बसली. मेथी निवडत. दोघी दोन तास. काय बोलल्या, ते त्यांच्यातच राहिलं.

फोटो, –

पुढच्या सुट्टीला राजेश्वरी त्या बाईला घेऊन ठाण्यात आली. बाईनं सही केली. मग वर मेथी डोकावणारी वायरची पिशवी हातात धरून ती स्टँडच्या गर्दीत शिरली. फाटकाशी उभे राहून दोघं बघत होते.

"कुणी वळूनबी बघितलं न्हाई," राजेश्वरी म्हणाली.

"मी बघतोय की," सम्मेद म्हणाला. "तिला न्हाई... तुमाला. पहिल्या दिवसापासनं."

तिनं निळ्या ओढणीचं टोक बोटाला गुंडाळलं.

"तुमी जैन. आमच्यात रविवारी मटण असतंय."

"मी मेथी खाईन. सवय झालीया."

"बाबा लष्करातले हायेत."

"लाल पिशवी घेऊन सात जणांना तोंड दिलंय. आठवे ते."

ती फाटकाबाहेर रस्त्यावर गेली. मोबाइल काढला, हात लांब केला आणि त्याला मानेनं बोलावलं.

"अवं, फोटो न्हाई काढायचा. नियम तुमचाच हाय."

"तो ठाण्याच्या आतला. इथं रस्ता हाय. सरळ बघा."

"कुणाला धाडताय?"

"बाबांना," ती म्हणाली आणि अंगठ्यानं अक्षरं टाइप करू लागली. "नावासकट."